स्फटिकाचे नऊ मणी

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका बोळात शिरलं की डाव्या हाताला तिसरं घर नीलम्माचं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. सकाळी ओट्यावर ऊन आलं की नीलम्मा पोतं अंथरून बसायची. समोर पसरट पितळी ताट, ताटात पांढरं फडकं, शेजारी मेणाचा गोळा, रेशमाच्या लडी आणि डबीत सुया. तिचं काम मणी गाठवण्याचं. पेठेतल्या सराफांकडून मोत्यांचे सर, पोवळ्यांच्या माळा, तुटलेली मंगळसूत्रं यायची. लिंगायत घरांतून गळ्यात लिंग अडकवायचे दोरे, म्हणजे शिवदार, यायचे. जुना धागा कापायचा, मणी धुवायचे, नवा धागा मेणावरून ओढून घ्यायचा आणि दर मण्यामागे एक गाठ मारायची. गाठ अशी बसवायची की मणी गळ्यात फिरावा, पण धागा उघडा पडू नये.

गाठी मारणारे सोलापुरात आणखीही चार जण होते. नीलम्माची ओळख होती ती पारखीसाठी. खडा असो की मणी, तो दगड आहे की काच, हे तिच्याइतकं बिनचूक सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. सराफसुद्धा अडले की तिच्याकडे माणूस पाठवायचे.

ही विद्या तिला वडिलांनी, विरुपाक्षप्पांनी दिली. त्यांना मुलगा नव्हता. नीलम्मा सात-आठ वर्षांची असताना ते तिला डोळे मिटायला सांगायचे आणि दोन तळहातांवर दोन मणी ठेवायचे. ‘दगड कुठला, सांग.’ काच थोड्या वेळात हाताइतकी ऊन होते. स्फटिक गालाला लावून धरला तरी बराच वेळ विहिरीच्या पायरीसारखा गार राहतो. ते जमल्यावर त्यांनी केसाची पारख शिकवली. फडक्यावर एक लांब केस ठेवायचा, त्यावर मणी ठेवायचा आणि सावकाश फिरवायचा. काच असेल तर कसाही फिरवा, केस एकच दिसतो. स्फटिक असेल तर फिरवता फिरवता एके ठिकाणी एका केसाचे दोन होतात.

तिसरी खूण हातालाच कळायची. जुन्या कारागिरांनी दगडाचा मणी दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्यापर्यंत आणलेला असतो. दोन भोकं मध्ये मिळतात तिथे बारीकशी ठेच राहते. सुई घातली की ती तिथे जरा अडखळते. काचेच्या मण्यात सुई एका टोकातून शिरली की दुसऱ्या टोकातून सरळ बाहेर.

लोकांना वाटतं, स्वच्छ तो खरा. नीलम्मा हे ऐकून हसायची. तिच्या हातून गेलेल्या जुन्या मण्यांत आत कुठे ना कुठे धुक्याचा एखादा पदर असायचाच. हिवाळ्यात आरशावर श्वास सोडावा, तसा. पूर्ण निर्मळ दगड फार थोडा. काच मात्र सगळीच निर्मळ.

तिची जीभ फटकळ होती, पण त्यात विष नव्हतं. एकदा टांगेवाला बिरप्पा गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली पुष्कराजाची अंगठी मिरवत आला.

“अक्का, बगा जरा. विकणारा जयपूरचा हुता.”

नीलम्मानं खडा पापणीला लावला, केसावर धरला आणि परत दिला. “अंगठी बरी हाय बिरप्पा. बोट त्याहून बरं हाय. खडा तेवढा सोड्याच्या बाटलीचा हाय.”

“आसं कसं? चमकतोय की लई!”

“तुझ्या घोड्याच्या डोक्यावरचा आरसाबी चमकतोय. त्याला जयपूरला धाडतोस का?”

बोळातल्या बायका हसल्या, बिरप्पाही हसला आणि अंगठी घालूनच गेला. नीलम्मानं एकदा सांगितलं की त्यावर पुन्हा कुणी विचारत नसे. तिचा नवरा गिरणीत कामाला होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगी जगदेवी चार वर्षांची होती. तेव्हापासून ह्या दोन जिवांचं घर त्या विश्वासावर चाललं होतं.

त्यासाठी वडिलांनी घालून दिलेला एक नियम ती पाळायची. माळ गाठवायला आली की मालकाच्या समोर धागा कापायचा. मणी ताटात पसरायचे, मोजायचे, प्रत्येक मणी केसावरून फिरवून दाखवायचा आणि मगच ठेवून घ्यायचा. कुणी घाईत असलं तरी ती बसवून घ्यायची. “तुमचा वेळ जाईल. माझं नाव जायला नको,” म्हणायची.

जगदेवी मॅट्रिक झाली आणि १९७४ साली तिला अक्कलकोटचं स्थळ सांगून आलं. मुलगा शिवयोगी, कचेरीत कारकून. शांत, पान-तंबाखूचं व्यसन नाही. आई काशम्मा विधवा. दोन एकर शेत आणि गावात मान. हुंड्याचं नाव नाही. नीलम्माच्या बाजूनं बोलायला कुणी भाऊ नव्हता, म्हणून पंचाक्षरी सराफ मामाच्या मानानं पुढे बसले. त्यांच्या दुकानाचं काम ती वीस वर्षं करत होती. ती त्यांना अण्णा म्हणायची.

साखरपुडा नीलम्माच्या घरी झाला. गूळ वाटून झाल्यावर काशम्मानं पिशवीतून लहानशी चांदीची डबी काढली. आत स्फटिकाची माळ होती, चोपन्न मण्यांची. धागा काळा पडला होता.

“ही आमच्या सासूबाईंची,” काशम्मा म्हणाली. “त्यांच्या सासूनं त्यांना घातली, त्यांनी मला घातली. आता जगदेवीच्या गळ्यात. हळदीच्या दिवशी सुनेला घालायची रीत हाय आमच्यात. धागा कुजलाय बगा. म्हटलं, विहीणच पेठेतली नावाजलेली हाय, तर दुसरीकडं कशाला? लगीन झालं की अण्णांकडून दर मण्याला चांदीची टोपी बसवून घेऊ.”

“घेऊ की,” पंचाक्षरी म्हणाले.

नीलम्माचा हात सवयीनं कोनाड्यातल्या ताटाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. समोर पाहुणे बसले होते. काशम्मानं तीन पिढ्यांचा दागिना पावती-साक्षीशिवाय तिच्या ओटीत घातला होता. आता तिच्यासमोर एकेक मणी केसावर धरून बघायचा, म्हणजे तोंडावर म्हणण्यासारखंच होतं, की बाई, तुमचा माल तपासून घेते. सोयरिकीत असं कोण करतं? आणि मुलगी द्यायची होती तिला. तिनं हात मागे घेतला, डबी कपाळाला लावली आणि पदरात बांधली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं न बघता माळ घेतली.

लग्नाला तीन आठवडे होते. पाहुणे गेल्यावर पाचव्या दिवशी नीलम्मानं ओट्यावर ताट मांडलं, धागा कापला, मणी रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि ओवायला घेतले. पहिल्या मण्यात सुई मध्ये अडखळली. दुसऱ्यात अडखळली. जुनं काम, चांगलं काम, तिला बरं वाटलं. बाराव्या मण्यात सुई सरळ बाहेर आली.

तिनं मणी काढला, गालाला लावला. मग डोक्यातला एक केस उपटून फडक्यावर ठेवला. मणी इकडून फिरवला, तिकडून फिरवला. केस एकच.

दुपारपर्यंत तिनं सगळे मणी बघितले. पंचेचाळीस दगडाचे, नऊ काचेचे. कधीतरी माळ तुटली असेल, मणी घरंगळून हरवले असतील आणि कुणीतरी बाजारातून मापाचे आणून भरती केली असेल. काशम्मानं की तिच्या सासूनं की त्याही आधी कुणी, हे आता कोण सांगणार?

पण ते मणी आता नीलम्माच्या ताटात होते. धागा तिनं एकटीनं कापला होता. पाच दिवस माळ तिच्या घरात होती. आज अक्कलकोटला जाऊन ‘तुमच्या माळेत नऊ मणी काचेचे आहेत’ म्हटलं, तर काशम्मा काय म्हणेल? ‘माझ्याकडं होती तवा खरी होती.’ जगात कुणीही हेच म्हणेल. आणि गप्प बसून काच तशीच ओवली, तर लग्नानंतर माळ टोप्यांसाठी पंचाक्षरींकडे जाईल. ते एका नजरेत ओळखतील. अण्णा तोंड बंद ठेवतील, पण टोप्या करणारा त्यांचा कारागीर ठेवील का? मग जगदेवीला त्या घरात काय तोंड राहील?

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. “अव्वा, माझ्या जाण्याचं एवढं वाईट वाटतंय का?” जगदेवीनं विचारलं. “वाटायचंच की,” नीलम्मा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिनं पेटीच्या तळातून वडिलांची जपमाळ काढली. तीही स्फटिकाची. वडिलांनी मागे ठेवलेली तेवढी एकच वस्तू. तिनं धागा कापला आणि मापाचे नऊ मणी निवडून काशम्माच्या माळेत घातले. प्रत्येकात सुई मध्ये अडखळली, तसं तिला हलकं वाटत गेलं. आता माळ कुणाच्याही हातात गेली तरी धोका नव्हता. कुणाचं काही गेलं नव्हतं. गेलं ते तिचं, आणि ते लेकीच्याच गळ्यात राहणार होतं. काचेचे नऊ मणी तिनं सुयांच्या डबीत टाकले.

ती माणसांत बसून खडे पारखत आली होती. पण दागिना रोज अंगावर घालणारी बाई तो कसा बघते, याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

हळदीच्या दिवशी सकाळी अक्कलकोटची माणसं उतरली. बोळात मांडव होता. बायका जात्याभोवती बसल्या होत्या, आत जगदेवी पाटावर. नीलम्मानं डबी काशम्माच्या हातात दिली. काशम्मानं माळ उन्हात धरली आणि तिचा चेहरा बदलला.

“ही आमची माळ न्हाय.”

“तुमचीच हाय विहीणबाई. धागा तेवढा नवा.”

“धाग्याचं न्हाय म्हणत मी. तीस वर्षं गळ्यात घातलीय. सोमवारी सोमवारी धुतलीय. हितं, मेरुमण्याच्या शेजारी, पाण्यासारखा मणी हुता. त्यातून मला देवघरातली समई दिसायची. आसे सात-आठ हुते. कुटं हायत ते? हे बगा, ह्यात धूर हाय. ह्यातबी. हे गढूळ मणी कुणाचे?”

जात्याचा आवाज थांबला. काशम्मा खोटं बोलत नव्हती. माळेतले तिला सगळ्यांत आवडणारे मणी खरोखरच गेले होते.

“काय ओ?” शिवयोगीचा चुलता पुढे आला. “हातात दिलेल्या मालातले चांगले काढून घ्यायचे नि खराब भरायचे? आसा धंदा हाय काय तुमचा? आन आमी मुलगी करतोय हितली!”

“दादा, आवाज हळू,” पंचाक्षरी म्हणाले.

“तुमी सराफ हाय न्हवं अण्णा?” काशम्मा त्यांच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तुमीच सांगा.” मग पुन्हा नीलम्माकडे. “आमचे मणी परत द्या. बाकी मला काय नको. मणी आले न्हाईत तर हळद लागायची न्हाय.”

नीलम्मा आत गेली. सुयांची डबी उचलताना तिला कळत होतं की आपण आता काय करतोय. डबी बाहेर आली म्हणजे कबुलीच झाली. पाटावर जगदेवी मान खाली घालून बसली होती. तिनं आईकडे बघितलं नाही.

काचेचे नऊ मणी ताटात पडले. काशम्मानं त्यातला एक उचलला आणि हरवलेलं मूल सापडावं तसा मुठीत धरला. “हाच! हाच तो.” मग तो मणी आणि माळेतला एक मणी तिनं पंचाक्षरींच्या पुढे धरला. “आता सांगा अण्णा. चांगला कुटला?”

पंचाक्षरींनी दोन्हींकडे बघितलं. त्यांना भिंगाची गरज नव्हती. त्यांनी मान वर करून नीलम्माकडे बघितलं, आणि तिला कळलं की त्यांना सगळं कळलंय. एक केस पुरे होता. तिच्याच डोक्यातला, तिच्याच ताटावर, सगळ्या मांडवासमोर. एका केसात तिचं नाव राहिलं असतं. आणि काशम्माच्या घराण्यातल्या तीन सासवा काच घालून मिरवल्या, हे अक्कलकोटभर झालं असतं, तेही सुनेच्या माहेरून, हळदीच्या दिवशी. जगदेवी त्या पाटावरून उठली असती ती कायमची.

नीलम्मानं ‘नको’ म्हणून मान हलवली. इतकी थोडी, की अण्णांशिवाय कुणाला दिसली नाही.

“दिसायला हा स्वच्छ हाय,” पंचाक्षरी काचेचा मणी पुढे करत म्हणाले.

“झालं तर,” चुलता म्हणाला. “आता हितंच बसून ओवा. आमच्यासमोर. आमी मोजतो.”

नीलम्मा ताट पुढे घेऊन मांडवात बसली. भोवती वीस-पंचवीस माणसं तिच्या बोटांकडे बघत होती. तिनं धागा कापला, वडिलांचे नऊ मणी बाजूला काढले, काचेचे नऊ घातले. सुई त्यांतून न अडता बाहेर येत होती. दर मण्यामागे एक गाठ, नेहमीसारखी. काम संपल्यावर काशम्मानं माळ मोजून घेतली आणि ते नऊ मणी बोटानं तिच्याकडे लोटले. “हे तुमचे तुमाला.”

मग हळद लागली.

जगदेवी सासरी निघताना तिला एकांतात सगळं सांगावं, असं नीलम्माच्या ओठांवर आलं होतं. पण पोर तापट होती. सासूशी पहिलं भांडण झालं की ती हेच बोलून बसली असती. नीलम्मानं तिची वेणी नीट केली आणि तिला गाडीत बसवलं.

टोप्यांचं काम पंचाक्षरींकडे आलंच नाही. “सोलापुरात कुणाच्या हातात द्यायची न्हाय,” असं काशम्मा म्हणाल्याचं कानावर आलं. मांडवातली गोष्ट पेठेत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. आधी शिवदार घेऊन येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. मग सराफांचे नोकर. बिरप्पा तेवढा टांगा थांबवून एकदा म्हणाला, “अक्का, लोक कायबी बोलत्यात. माझा न्हाय इस्वास.” पण बायकोचं मंगळसूत्र तुटलं तेव्हा त्यानं ते दुसरीकडे नेलं.

श्रावणात पंचाक्षरी स्वतः ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ मेणाचा गोळा हातात फिरवत राहिले.

“नीलम्मा, मला ठाऊक हाय. तुला सांगायची गरज न्हाय.”

“व्हय अण्णा.”

“पण गिऱ्हाईक म्हणतंय, तिच्याकडं नको. मी किती जणांशी भांडू? आन खरं सांगायचं तर तुझ्या लेकीचं घर मोडंल.”

“मी कुटं म्हणतेय, सांगा म्हणून?”

“तेच की,” ते म्हणाले. आणि उठताना म्हणाले, “काय लागलं सवरलं तर सांग.”

त्यानंतर त्यांच्या दुकानातून काम आलं नाही. नीलम्मा जत्रेत विकायच्या रंगीत माळा ओवू लागली. व्यापारी काचमण्यांची पोती टाकून जायचा आणि डझनाच्या हिशेबानं माळा उचलायचा. त्या मण्यांत चोरण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तिथे भरवसा लागत नव्हता. गाठीसुद्धा मारायच्या नव्हत्या.

जगदेवीचं पहिलं बाळंतपण काशम्मानं अक्कलकोटलाच केलं. “त्या घरात पाठवायची न्हाय,” म्हणाली. मूल आठ महिन्यांचं झाल्यावर जगदेवी एकदाची दोन दिवसांसाठी आली. अंगानं भरली होती. नवरा चांगला होता, सासू जीव लावत होती. नीलम्मा नातवाला मांडीवर घेऊन हे सगळं ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झोपल्यावर जगदेवी आईजवळ सरकली.

“अव्वा, एक सांगू? मी सासूबाईंशी बोलले.”

“कशाबद्दल?”

“मण्यांबद्दल. लई दिवस धीर होत नव्हता. शेवटी बोललेच. म्हटलं, माझी आई वाईट न्हाय. अप्पा न्हवते, एकटीनं लगीन काढायचं होतं, आयुष्यभर दुसऱ्यांचे मणी ओवले तिनं. एखाद्या वेळी होतो मोह माणसाला.” तिनं आईचा हात धरला. “त्या ऐकून घेत्यात गं. म्हणाल्या, जाऊ दे, मी माफ केलं. विहीणबाई एकदा येऊन पाया पडल्या म्हणजे मनात काय राहणार न्हाय.”

नीलम्मानं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. आईसाठी सासूशी बोलून काहीतरी मिळवून आणल्याचा आनंद त्या तोंडावर होता. दोन वर्षं हे ओझं पोरीनं एकटीनं वाहिलं होतं. आई चोर आहे हे धरून चालूनही ती आईच्या बाजूनं उभी राहिली होती.

“त्यांचं मन मोठं हाय,” नीलम्मा म्हणाली. “कधी येऊ?”

“सोमवारी ये की. सोमवारी घरीच असत्यात.”

सोमवारी नीलम्मा सकाळच्या गाडीनं अक्कलकोटला गेली. काशम्मा दारातच भेटली. नीलम्मानं वाकून तिच्या पायांना हात लावला, तेव्हा काशम्मानं तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि जवळ घेतलं. “झालं गेलं विहीणबाई. आता ते काढायचं न्हाय,” ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात जगदेवी पदरानं डोळे पुसत हसत होती.

मग काशम्मानं स्वतः पाट मांडला, पुरणाची होळगी वाढली, वर तूप सोडलं. नीलम्मानं पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडात तसाच राहिला.

“गोड कमी झालंय काय?” काशम्मानं विचारलं.

“न्हाय, बरोबर झालंय,” नीलम्मा म्हणाली, आणि ताटातलं सगळं जेवली.